एका वायरीचं आभारप्रदर्शन

आमच्या शाळेत कार्यक्रम कोणताही असो, प्रास्ताविक मुख्याध्यापक करतात, सूत्रसंचालन मराठीच्या बाई करतात आणि आभार मी मानतो. मी म्हणजे मल्हारी गडदे, गणिताचा शिक्षक, राहणार हिंगोली. हे खातं माझ्याकडं कसं आलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण आलं ते कायमचं आलं. आणि आभाराला उभं राहणं म्हणजे काय असतं ते उभं राहिल्याशिवाय कळत नाही. 'आता आभारप्रदर्शन' एवढं ऐकू आलं की मांडवात चपला शोधायची घाई सुरू होते. प्रमुख पाहुणे गाडीकडं बघतात. मंडपवाला खुर्च्या एकात एक घालायला लागतो. मी 'ज्यांनी आम्हाला ध्वनिक्षेपक उपलब्ध करून दिला' इथपर्यंत येतो, तोवर ज्यांनी दिला त्यांनी तो काढून नेलेला असतो. उरलेले आभार मी आपला तसेच, साध्या आवाजात, पाठमोऱ्या लोकांचे मानतो.

तेव्हा विनंती एवढीच, की आज कुणी उठू नका. मला एका वायरीबद्दल आभार मानायचे आहेत आणि माणसं बरीच आहेत.

माझी मुलगी राजनंदिनी संभाजीनगरला ॲनिमेशन शिकून घरी आली. कॉलनीत लोक विचारायचे, "पोरगी काय करती, सर?" मी सांगायचो, "चित्रं हलवती." त्यावर लोक विचारायचे, "हलवून?" ह्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि वर्गात उत्तर नसलं की मी जसा फळा पुसायला लागतो तसा चष्मा पुसायला लागायचो. शेवटी तिच्या आईनं तिच्याशी करार केला. पुण्याचा एक स्टुडिओ घरी बसून काम द्यायला तयार होता. अट अशी, की तिनं स्वतः केलेली मिनिटभराची फिल्म महिनाभरानंतरच्या सोमवारी सकाळपर्यंत पाठवायची. ती पसंत पडली तर काम. नाही पडली, नाही गेली, तर मुकाट्यानं बी.एड. आता बी.एड. काही वाईट नाही. मी स्वतः बी.एड. आहे. म्हणूनच त्या दिवशी पोरगी का रडली ते मला बराबर समजलं.

फिल्म मेंढरांची होती. आमचं मूळ घर डोंगरकड्याजवळ. माझी आई पंचफुलाबाई आणि धाकटा भाऊ हनुमान अजून तिथंच कळप राखतात. राजनंदिनीनं कयाधू ओलांडणारा तोच कळप घेतला होता, आणि मेंढीच्या अंगावरची लोकर वाऱ्यानं हलते ती एकेक केस हलताना दाखवायची होती. आमच्या कॉम्प्युटरवर ह्यातलं एक चित्र तयार व्हायला तुरीचं वरण शिजायला लागतो तेवढा वेळ लागायचा, आणि अशी चित्रं ढीगभर. मी गणित मांडून पाहिलं. फिल्म पुरी व्हायच्या आत मी निवृत्त होत होतो, आणि माझा निरोप समारंभ होऊन त्याचे आभारही मलाच मानावे लागत होते.

ह्यावर उपाय म्हणजे ग्राफिक्स कार्ड. ते एक दिवस कुरिअरनं आलं. "पैसे कुठून आणले गं?" असं मी विचारलं तर "आहेत बाबा, माझेच आहेत," म्हणाली. शिष्यवृत्तीतले उरले असतील असं मी धरून चाललो. गणितवाल्याला धरून चालायची सवय असते. तिच्या आईनं खोक्याला हळदकुंकू लावलं, मी नारळ फोडला, आणि राजनंदिनीनं कॉम्प्युटर उघडून कार्ड बसवलं. आणि मग ती नुसतीच बघत बसली.

कार्ड चांगलं विटेएवढं होतं, आणि त्याला जेवायला दोन तोंडं होती. प्रत्येक तोंडात आठ पिना. कॉम्प्युटरच्या पोटात वीज देणारा एक लोखंडी डबा असतो, त्यातून दोन वायरी निघून ह्या दोन तोंडांत बसायला हव्या होत्या. आमचा डबा भारीतला. त्याच्या वायरी सुट्या होत्या, लागतील त्या लावायच्या, नको त्या सोबतच्या काळ्या पाकिटात ठेवायच्या. कॉम्प्युटर घेतला तेव्हा कार्ड नव्हतं, म्हणून ह्याच दोन वायरी पाकिटात राहिल्या होत्या.

"पाकीट कुठंय?" राजनंदिनीनं विचारलं.

"ते तुमीच भंगारात काढलं होतं," तिची आई मला म्हणाली. "पोळ्याच्या आधी माळा आवरला तेव्हा."

"काढलं मी. पण दिलं कुणी?"

"काढल्याशिवाय दिलं जातंय का?"

हा वाद इथून निघून माझ्या मावशीच्या लग्नातल्या मानपानापर्यंत गेला. मधेच मला आठवलं, की त्या दिवसांत माझी आय आमच्याकडंच राहायला होती. फोन लावला.

"पाकीट व्हय? ते माझ्यापाशी हाय की," आय म्हणाली. "माझी चंची हाय ती. पानसुपारी ठेवती. लई ब्येस पाकीट."

"अन् आतल्या वायरी?"

"वायर-बियर नव्हती बाबा त्यात. वायरीला मी हात बी लावत न्हाई. करंट बसतो."

म्हणजे पाकीट वाचलं आणि वायरी भंगारात गेल्या, असा निष्कर्ष निघाला. "काही हरकत नाही," मी म्हणालो. "वायरच आणायची आहे ना? मी आणतो." हे वाक्य मी ज्या तोऱ्यात म्हणालो तो तोरा मला अजून आठवतो, कारण त्यानंतर तो परत दिसला नाही.

सगळ्यात आधी आभार मोहनसिंग राठोड यांचे. हे आमचे शेजारी, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. इंजिनातलं त्यांना कळतं, आणि इंजिनाबाहेरचं जग हे त्यांच्या मते इंजिनाचाच भाग आहे. मी फाटकातून निघालो तर तेच समोर.

"काहून घाईत, गुरुजी?"

मी सांगितलं. ते आत गेले आणि शेतातल्या बोअरच्या मोटारीची उरलेली केबल खांद्यावर टाकून आले. मनगटाएवढी जाड. "ही लावा. तांबं हाय तांबं. हत्ती बांधला तरी तुटणार न्हाई."

"काका, हत्ती नाही बांधायचा," राजनंदिनी म्हणाली.

"मग किती वॅटचं हाय तुमचं ते?"

तिनं डब्यावरचा आकडा वाचून दाखवला. साडेसातशे. मोहनसिंगांनी केबल हळूच खाली ठेवली. "गुरुजी," ते म्हणाले, "मीटर लावताना मंजूर भार किती लिहून दिला होता तुमी?"

आता हे कुणाला माहीत असतं? पण मागच्या उन्हाळ्यात आमच्या कॉलनीचा डीपी, म्हणजे कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर, जळाला होता, आणि सगळी कॉलनी गच्चीवर, डासांत, एकमेकांच्या घोरण्याचे प्रकार शिकली होती. डीपी हा शब्द उच्चारला गेला आणि दिवेलागणीच्या आत माझ्या अंगणात माणसं जमली. कुणी म्हणालं, आधी लेखी परवानगी आणा. कुणी म्हणालं, कार्ड फक्त एकादशीला लावा, त्या दिवशी घरोघर चूल कमी असते. माझ्याकडं सगळे असे बघत होते जसा मी घरात वेल्डिंगचा कारखाना काढून राहिलो आहे. पण एक सांगतो, ती सगळी माणसं काळजीनं आली होती, आणि त्यांतले निम्मे तर चहाही न घेता गेले. त्यांचेही आभार.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून वीज कार्यालयात गेलो. तिथं टेबलावर भीमराज निघाला, माझा जुना विद्यार्थी. उठून पाया पडला. "सर, तुमच्यामुळं गणितात निघालो मी." मला वाटलं, झालं काम. आणि खरंच त्यानं इतक्या मनापासून काम केलं की त्यातच घोटाळा झाला.

"भार वाढवायचाय, सर? कशासाठी?"

"ग्राफिक्स कार्डासाठी."

त्यानं कॉम्प्युटरमध्ये पाहिलं. "सर, हितं पर्याय हायत ते सांगतो. पिठाची गिरणी, वेल्डिंग, पाण्याची मोटार, रसवंती. कार्ड न्हाई. कार्ड फिरतं का, सर?"

"पंखे फिरतात त्याचे."

"मग गिरणी टाकू?"

"अरे, दळायचं काय त्यात?"

"तसं न्हाई सर, काहीतरी टाकल्याशिवाय ते म्होरंच जाऊन न्हाई राहिलं." आणि त्यानं, बिचाऱ्यानं, त्यातल्या त्यात निरुपद्रवी म्हणून रसवंती टाकली. संध्याकाळी माझ्या मोबाइलवर संदेश आला, की आपला रसवंतीसाठीचा अर्ज मिळाला आहे. तो संदेश मी मोहनसिंगांना दाखवला ही माझी चूक. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्यानं विचारलं, "सर, ऊस कुठून आणणार?" शाळेत शिपायानं विचारलं. शेजारच्या गल्लीतल्या, मी कधी न पाहिलेल्या एका बाईनं आमच्या घरी येऊन रुखवतासाठी म्हणून रसाची ऑर्डर दिली, आणि आमच्या घरातून तिला नाही म्हणायला बराच वेळ लागला, कारण राजनंदिनीच्या आईला दर परवडतोय का ते आधी बघायचं होतं.

ह्या प्रकरणावर पडदा पाडला तो रुख्मिणीबाईंनी. ह्या मोहनसिंगांच्या पत्नी. अंगणात पुन्हा डीपीची चर्चा रंगली असताना त्या आपला मिक्सर उलटा धरून बाहेर आल्या. "गुरुजी, हे वाचा बरं. माझ्या चष्म्याला दिसून न्हाई राहिलं." मी वाचलं. साडेसातशे वॅट.

"मी रोज लसणाची चटणी वाटती," त्या म्हणाल्या. "कुणाचा डीपी जळाला का आजपर्यंत?"

 मोहनसिंग केबल उचलून घरी गेले. रुख्मिणीबाईंचे आभार मी तिथंच, उभ्या उभ्या मानले, आणि त्यांनी मला वाटीभर चटणी दिली.

परवानगीचं मिटलं, वायर राहिली होती. बसस्टँडजवळ धम्मदीपचं दुकान आहे. झेरॉक्स, मोबाइल, कॉम्प्युटर दुरुस्ती सगळं तिथं होतं. धम्मदीप दिलदार पोरगा. त्यानं मागच्या खोलीतून वायरींचा गुंता काढला, त्यातून आठ पिनांची एक उपसली आणि म्हणाला, "घेऊन जा, सर. चालली तर बघू." मी विजयी वीरासारखा घरी आलो, पोरगी आंघोळीला गेली होती म्हणून स्वतःच बसवायला घेतली. जात नव्हती. जरा जोर लावला. राजनंदिनी डोक्याला टॉवेल गुंडाळून धावत आली आणि अशी ओरडली की मी खुर्चीवरून खाली आलो.

"बाबा, ही प्रोसेसरची आहे! चार आणि चार! कार्डाची सहा आणि दोन असते!"

"आठच झाल्या ना?"

"आठच, पण वेगळ्या आठ!"

आता हे वाक्य गणिताच्या शिक्षकाला स्वतःच्या घरात ऐकावं लागावं! मी आपला चष्मा पुसला.

मग नांदेडला गेलो. तिथल्या मोठ्या दुकानातून सहा आणि दोनवाल्या, खात्रीच्या, नव्या कोऱ्या वायरी आणल्या, वर दुकानदारानं एका वायरीला दोन तोंडं असलेलीही दाखवली. ह्यावर परत येताना एसटीत वाद झाला. शेजारचा केळीवाला म्हणाला, दोन तोंडांची घ्यायला हवी होती, एकात भागलं असतं. मागचा म्हणाला, एका नळाला दोन घरं जोडली की दोघांनाही पाणी येत नाही, दोन वायरीच बऱ्या. मला मागच्याचं पटलं. नंतर राजनंदिनीनंही तेच सांगितलं, की मोठ्या कार्डाला दोन स्वतंत्र वायरी असलेल्या चांगल्या. पण त्या दोन्ही तिनं हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि परत पिशवीत घातल्या.

"बाबा, ह्या दुसऱ्या कंपनीच्या डब्याच्या आहेत. कार्डाकडचं तोंड सगळ्यांचं सारखं असतं. डब्याकडचं नसतं. बसेल, पण आतल्या तारांची जागा वेगळी. चालू केलं की कार्ड जळेल."

"बसेल, तरी जळेल?"

"एसटी सगळ्या लालच असतात ना? पाटी न वाचता बसलं तर?"

हे मला कळलं. मी एकदा असाच औंढ्याला म्हणून निघून परभणीला उतरलो आहे. पण कळून उपयोग काय? कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला. एका गोड बाईनं भाषा निवडायला सांगितली, मी मराठी निवडली, आणि पुढं सगळं हिंदीत झालं. त्यांचं म्हणणं, मूळ वायर मिळेल, पण सोमवारनंतर, आठवडाभरात. ती बाई शेवटी म्हणाली, "सर, मैं समझ सकती हूँ." तिचा काही दोष नव्हता. तिचेही आभार.

शनिवार दुपार झाली. शाळेतून आलो तर राजनंदिनी अंधार करून बसलेली. मला बघून हसली, आणि ते हसणं मला अजिबात आवडलं नाही.

"राहू द्या बाबा. तुम्ही लई फिरलात."

"अगं, अजून उद्याचा दिवस..."

"राहू द्या. बी.एड.ला पण मुलं असतातच की. त्यांना चित्रं काढून शिकवीन."

 मी तिला लहानपणी पाटीवर आकडे काढायला शिकवायचो तर ती आठाला कान काढून त्याची मेंढी करायची. मी रागवायचो. आता तिच्या आठाच्या मेंढ्या खरंच चालायला लागल्या होत्या आणि एका वायरीपायी बसून राहिल्या होत्या.  आईची शपथ, त्या वेळी कुणी मला आभार मानायला सांगितलं असतं तर मी माईक फेकून मारला असता.

"दाखव तरी," मी म्हणालो. "जेवढं झालंय तेवढं."

तिनं एक चित्र उघडलं. नुसतं स्थिर. कयाधूचा काठ, पाण्यात पाय घातलेला कळप आणि सगळ्यांत पुढं एक काळी मेंढी. मी तिला लगेच ओळखलं. आमच्या घरात लेकरू जन्मलं की त्याच्या नावाची एक कोकरी कळपात राखायची पद्धत आहे; तिची पिल्लं, लोकर, सगळं त्या लेकराचं. राजनंदिनीच्या नावाची जी होती तिच्या वंशातली ही. कळपात तिला राजीच म्हणतात.

"हुबेहूब आहे गं," मी म्हणालो. "आणि गळ्यात हे काय?"

"आजीचा गोफ. पोळ्याला बांधलेला. दिवाळीत मी फोटो काढून आणले ना, त्यावरून जसाच्या तसा काढलाय. बघा, दोन पेडांचा पीळ, टोकांना लोकरीचे गोंडे. एक गोंडा गळून पडला होता, तो पण तसाच ठेवलाय."

"गळून पडला तिथं काहीतरी दिसतंय."

"ताईत असेल."

आता गेले कित्येक दिवस मी वायरींशिवाय काही पाहिलं नव्हतं. मला दह्याच्या वाटीतसुद्धा पिना दिसायला लागल्या होत्या. म्हणून मी आधी स्वतःवर विश्वास ठेवला नाही. मग म्हणालो, "जरा मोठं कर."

तिनं मोठं केलं.

"राजू, ताईताला भोकं असतात का गं?"

पोरगी पडद्याच्या इतकी जवळ गेली की तिचं नाक मेंढीला लागलं. "सहा," ती पुटपुटली. "आणि बाजूला दोन."

महिनाभर खपून तिनं ती वायर काढली होती. तिच्यावरच्या विणलेल्या आवरणाचा एकेक धागा काढला होता, तोंडाचं एकेक भोक काढलं होतं. आणि मी हिंगोली, नांदेड एक करून तीच शोधत होतो. मी फोन लावला.

"आय, राजीच्या गळ्यात काय हाय?"

"गोफ हाय."

"कुठला?"

"तुझ्याच घरचा. भंगारात काढून ठिवला होतास. इतका चांगला इणलेला गोफ कुणी टाकून देतं व्हय? दोन होते. दोन्हीला पीळ घातला, टोकं टोचू नयेत म्हणून गोंडे बांधले."

"आय, ती वायर हाय!"

"वायर कशाला आसंल? वायर गुळगुळीत आसती. हे इणलेलं हाय. सारी जिंदगी लोकरीत गेली माझी, मला इणकाम कळत न्हाई व्हय रे?"

रविवारी सकाळी मोहनसिंगांनी जीप काढली. केबल नाकारली गेल्याचं त्यांनी मनात ठेवलं नव्हतं. उलट "आपल्या पोरीचं काम हाय" म्हणत पुढं होऊन बसले. रुख्मिणीबाईंना वाटेत बाळापूरला बहिणीकडं डबा द्यायचा होता. धम्मदीप दुकान बंद करून आला, कारण 'वायर ओळखायला माणूस पाहिजे'. राजनंदिनी, तिची आई आणि मी. दोन वायरी आणायला वऱ्हाड निघालं.

हनुमाननं कळप डोंगरकड्याच्या अलीकडं, सोयाबीन काढलेल्या एका रानात खतासाठी बसवला होता. राजी पुढंच उभी होती, गळ्यात आमचा गोफ. मी जीपमधून उतरलो आणि तिच्याकडं प्रेमानं चालायला लागलो. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पळाली. मी पळालो. माझ्यामागं धम्मदीप, त्याच्यामागं मोहनसिंग, "आडवं व्हा, आडवं व्हा" असं ओरडत. मी आडवा झालो, पण पाटाच्या चिखलात. घाईत सवयीनं शाळेचं ओळखपत्र गळ्यात घातलं होतं, त्यामुळं चिखलात कोण पडलं आहे ह्याबद्दल बघणाऱ्यांच्या मनात शंका राहिली नाही. हनुमान हसून हसून खाली बसला. "दादा, धनगराचा हायस ना रे?" एवढंच म्हणाला.

मग आय आली. तिनं तोंडानं एक बारीक आवाज काढला, आणि राजी आपली आपण चालत येऊन तिच्या लुगड्याला तोंड घासायला लागली.

मोहनसिंगांनी चाकू काढला. "काका, कापायचं नाही!" राजनंदिनी किंचाळली. आयनं चाकू बाजूला सारला, खाली बसली आणि दातानं गाठ सोडवायला घेतली. तिचे उरलेले दात मी मोजले नाहीत, पण गाठ सुटली. गोंडे काढले तर आतली तोंडं नवी कोरी निघाली. फक्त गोंडा गळालेल्या तोंडात लोकर आणि गवत अडकलं होतं. राजनंदिनीनं वायर छातीशी धरली. आम्ही निघणार तेवढ्यात आय म्हणाली, "थांबा."

"आता काय?"

"तिचा गळा मोकळा ठिवू का? पोरीच्या नावाची हाय ती. मोकळ्या गळ्याची फिरवायची न्हाई."

रुख्मिणीबाईंनी केसांची रिबीन काढून दिली. आयनं बोटांत चोळून परत केली. "टिकायची न्हाई." मोहनसिंगांचा रुमाल नापास झाला. मग तिची नजर माझ्या गळ्याकडं आली. तिनं ओळखपत्राची निळी पट्टी हातात घेतली, उलटी केली, नखानं वीण तपासली.

"हे इणलेलं चांगलं हाय."

"आय, ते शाळेचं हाय!"

"मग काय झालं? दुसरं देतील तुला."

पट्टीतून कार्ड निघेना, पक्कं ठोकलेलं होतं. असा मी, फोटो आणि हुद्द्यासकट, राजीच्या गळ्यात गेलो.

घरी येऊन राजनंदिनीनं मऊ ब्रशनं तोंडं साफ केली, वायरी उन्हात ठेवल्या, धम्मदीपनं मीटर लावून तपासल्या आणि दुपारी त्या डब्याला आणि कार्डाला जोडल्या. टक् असा आवाज झाला. इतका गोड आवाज मी शाळा सुटल्याच्या घंटेतही ऐकलेला नाही. खोलीत, दारात, खिडकीत माणसं. तिनं बटण दाबलं आणि कॉलनीची लाइट गेली.

सगळे माझ्याकडं वळले. शेजारून रुख्मिणीबाईंचा आवाज आला, "मी मिक्सर लावला न्हाई हां!" मोहनसिंग अंगणातून डीपीकडं बघून आले आणि हात हलवून म्हणाले की सगळ्या गावाचीच गेली आहे. जरा वेळानं आली. पोरीनं पुन्हा बटण दाबलं. कार्डाचे पंखे फिरायला लागले, आणि पडद्यावर, कयाधूच्या पाण्यात, राजीची लोकर वाऱ्यानं हलली. तिची आई माझ्या शेजारी उभी होती. तिनं पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, "धूळ लई झाली बाई खोलीत."

सोमवारी माझी शाळा भरायच्या आत फिल्म पुण्याला गेली होती. आठवडाभरानं उत्तर आलं: काम दिलं आहे, घरी बसूनच करायचं आहे, आणि सगळ्यांत पुढच्या मेंढीच्या गळ्यातला तो दागिना फार अस्सल वाटतो, कुठला आहे? राजनंदिनीनं लिहिलं, घरचा आहे.

शाळेत मात्र मुख्याध्यापकांनी विचारलं, "गडदे सर, ओळखपत्र कुठंय?"

"डोंगरकड्याला आहे, सर."

"तिथं काय करतंय?"

"चरतंय," असं म्हणायचं माझ्या जिवावर आलं, पण म्हणायची गरज पडली नाही. तोवर डोंगरकड्याच्या कुणीतरी फोटो पाठवला होता आणि तो सगळ्या शिक्षकांच्या मोबाइलवर फिरून झाला होता.

पुढच्या रविवारी पेढे घेऊन मी एकटाच आयकडं गेलो. पाया पडलो आणि म्हणालो, "आय, तू तो गोफ ठेवला नसतास तर पोरीचं काम गेलं असतं. तुझे आभार कसे मानू?"

"मला काय म्हणतो?" आय पेढा मोडता मोडता म्हणाली. "तिला म्हण, राजीला. पोरीचं ते कार्ड का काय, ते बी तिच्याच पिल्लांवर आलं. राजूनं सांगितलं न्हाई? म्हणाली, आजी, बाबांना सांगू नको, ते कर्ज काढून स्वतः आणत्याल. मी म्हणलं, तुझ्याच नावाची हायत लेकरा, ईक."

मी राजीकडं पाहिलं. कार्ड तिचं, वायर तिच्या गळ्यातली, फिल्म तिची, आणि हिंगोलीपासून नांदेडपर्यंत सगळ्यांचे आभार मानत मी फिरलो, हिचे सोडून.

राजी बाभळीच्या सावलीत बसली होती, रवंथ करत. गळ्यात माझं ओळखपत्र, त्यावर माझा फोटो, चिखल वाळलेला. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो, घसा साफ केला आणि सुरुवात केली. मोहनसिंग राठोड आणि रुख्मिणीबाई यांचे आभार मानले, भीमराजचे मानले, धम्मदीपचे मानले, एसटीतल्या मागच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थाचे मानले, हनुमानचे आणि आयचे मानले. राजी ऐकत होती. मी नेहमीसारखं मधेच थांबून पाहिलं, ती उठली नव्हती. मग मी सगळ्यांत शेवटी तिचे मानले, सावकाश, एकही शब्द न गाळता.

आभार संपले. राजी जागची हलली नाही.